योनाचा पाचवा अध्याय

मनिषा सांबरेला हसू यायचं त्याची एक रीत होती. आधी खांदे हलायचे, मग नाकातून बारीकशी शिट्टी वाजायची, आणि मग जे सुटायचं ते आवरणं कुणाच्याच हातात नसायचं. घरच्यांनी नाद सोडला होता, शेजाऱ्यांनी सोडला होता, आणि राहनाळच्या गोदामातल्या सुपरवायझरने तर एकदा तिला पाच मिनिटं बाहेर जाऊन "हसून ये" असं रीतसर सांगितलं होतं. बावीस वर्षांची पोर, अंगाने काडी, आणि हसणं पोत्याचं तोंड सुटल्यासारखं.

कामाला मात्र एक नंबर. गोदामात माल शोधून काढायचं काम तिचं. हातातल्या यंत्रावर आकडे उमटायचे, गल्ली चौदा, रॅक तीन, कप्पा बावीस, आणि बाकीच्या पोरी आकडे वाचेपर्यंत मनिषाचा हात कप्प्यात गेलेला असायचा. आत साबण आहे का सायकलची घंटी, हे ती बघायचीसुद्धा नाही. उचल, यंत्र दाखव, 'झालं' दाब, पुढचा कप्पा.

हीच करामत रविवारी चर्चमध्ये कामी यायची. भिवंडीत मागांच्या एका शेडला लागून असलेली लांबट खोली, हेच त्यांचं चर्च. माग शुक्रवारी बंद आणि रविवारी चालू, त्यामुळे उपासना चालायची ती भिंतीपलीकडच्या खटखटीवर. गाण्यांनीही हळूहळू तोच ठेका धरला होता. बाहेरगावचा पाहुणा आला की टाळी नेमकी कुठे पडते ते त्याला शेवटपर्यंत कळायचं नाही.

तिथे दरवर्षी वचन शोधायची स्पर्धा व्हायची. पास्टर तुळशीराम खटखटीच्या वर आवाज काढून ओरडायचे, "हबक्कूक, तीन, सतरा!" पानांची फडफड सुरू व्हायची न व्हायची तोच मनिषा उभी. पुस्तक, अध्याय, ओवी; गल्ली, रॅक, कप्पा. तिच्या लेखी दोन्ही एकच होतं. पाच वर्षं ओळीने तिला पहिलं बक्षीस, आणि बक्षीस म्हणजे दरवेळी स्टीलचा डबा. आई म्हणायची, "मने, या वर्षी दुसरी ये गो. डबे लय झाले. दुसरीला चाळण देतात."

पण इतकी वर्षं बायबल हाताळून तिने त्यातली एकही गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली नव्हती. याचं मूळ ती दहा वर्षांची होती तेव्हाच्या एका रविवारात होतं. पास्टर तुळशीराम तेव्हा नवे होते, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट आणि आवाजातही इस्त्री. मुलांना ते बलामाची गोष्ट सांगत होते. बलाम गाढवीवर बसून निघाला. वाटेत देवदूत उभा, तो गाढवीला दिसला, बलामाला दिसला नाही. गाढवी थबकली की हा तिला मारायचा. तिसऱ्यांदा मारल्यावर गाढवी बोलली, मी काय केलं म्हणून मारतोस? इथवर मनिषा ठीक होती. पण बलामाला गाढवी बोलते याचं काहीच वाटलं नाही. त्याने सरळ तिच्याशी भांडण सुरू केलं, शेजारणीशी नळावर भांडावं तसं! मनिषाचे खांदे हलले. शिट्टी वाजली. मग जे झालं त्यात दोन बाकं कलंडली, आणि पास्टरांनी तिला बाहेर अंगणात उभं केलं. पाठ वळवून ते चटकन आत गेले. दार लागलं.

तिथे उन्हात उभ्या उभ्या मनिषाने एक गोष्ट पक्की केली. या पुस्तकात हसायची सोय नाही. आणि गोष्ट वाचली की आपल्याला हसू येणार. शोधताना मात्र येत नाही. तेव्हापासून ती शोधायला लागली.

यंदाच्या जानेवारीत पास्टरांनी तिला तरुण संघाची प्रमुख केलं. दर रविवारी दुपारी तीन ते पाच त्या खोलीत तरुण पोरंपोरी जमायची, बावीस जणं होती. मनिषाला झालेला आनंद असा, की ती एसटीत कंडक्टरलाही सांगून मोकळी झाली. आठवडाभर गोदामात दुसऱ्याच्या आकड्यांमागे धावायचं. हे दोन तास तिचे होते. तिने कामाला हात घातला तो गोदामाच्याच रीतीने. मोठा तक्ता केला. रोज चार अध्याय, ऑक्टोबर संपायच्या आत बायबल पूर्ण. व्हॉट्सॅपवर ग्रुप, आणि रोज रात्री नऊच्या आत प्रत्येकाने काय वाचलं ते लिहून पुढे 'झालं' टाकायचं. न टाकणाऱ्याचं नाव तक्त्यावर लाल.

फेब्रुवारीपर्यंत सगळे हिरवे होते. मग नियमांची आणि वंशावळ्यांची पुस्तकं आली, आणि पोरं गळायला लागली. ग्रुपवर 'झालं' यायचं, माणूस यायचं नाही. ऑगस्ट उजाडला तेव्हा रविवारी पाच डोकी उरली होती.

अकरा तारखेला मनिषाने ग्रुपवर दुसऱ्या दिवसाचं काम टाकलं: योना चारपासून पुढे चार अध्याय. दुसऱ्या रात्री लूमवर फिटरचं काम करणाऱ्या शैलेशने सगळ्यात आधी लिहिलं, "योना ४, ५, ६, ७ झालं." त्याखाली नर्सिंग शिकणाऱ्या दिपालीने, "योना ४, ५, ६, ७ झालं. आमेन." आणि मग रांगच लागली. सोळा जणांनी योनाचा सातवा अध्याय वाचून संपवला होता. एकाने तर लिहिलं होतं, "सहावा फार आवडला."

योनाला चारच अध्याय. पाचवा नाही, सहावा नाही, सातव्याचं तर नावच नको. पुढे लगेच मीखा. मनिषाला हे झोपेतही माहीत होतं, तो तिच्या रॅकचा शेवटचा कप्पा होता. नसलेल्या कप्प्यातून माल काढून सोळा जणांनी 'झालं' दाबलं होतं!

रविवारी ती तक्ता घेऊन उभी राहिली आणि आलेल्या पाच जणांना तिने बावीस जणांचं झापलं.

"लाज नाही वाटत? देवाच्या पुस्तकात खोटं?"

"सुपरवायझर ताई," शैलेश बाकावरून म्हणाला, "चूक झाली, कबूल. बारा तासांची शिफ्ट करून येतो, डोळे मिटतात. पण एक विचारू? त्या चौथ्यात काय आहे?"

"कशाच्या?"

"योनाच्या. मासा गिळतो, मासा ओकतो, एवढं तर नर्सरीतल्या पोरालाही माहीत आहे. पुढे काय होतं? शेवट काय?"

मनिषाने तोंड उघडलं. चार, एक कुठल्या पानावर आहे ते तिला माहीत होतं. उजवीकडचं पान, खालची बाजू. त्यात काय आहे ते मात्र...

"बघ!" दिपाली टाळी वाजवत म्हणाली. "ताईनेपण नुसतं 'झालं' दाबलंय!"

नेमके त्याच वेळी दारात पास्टर तुळशीराम उभे होते. त्यांनी रिकामी बाकं पाहिली, तक्ता पाहिला.

"मनिषा, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण शिवणक्लासवाल्या बायका जागा मागतायत, पंधरा जणी आहेत. पुढच्या रविवारी इथे दहा डोकी दिसली तर ठीक. नाहीतर तीन ते पाच शिवणक्लासला."

दोन तास. तिचे ते दोन तास. रात्री आईने वाढलेली भाकरी तिने तशीच ठेवली, आणि घरात कुणाला हसू ऐकू आलं नाही तेव्हा बापाने उठून तिचं कपाळ चाचपून पाहिलं.

पंधरा ऑगस्टला गोदाम बंद. मनिषा अकलोलीच्या पुढे डोंगरातल्या पाड्यावर आपल्या आत्याकडे गेली. बुधीआत्या म्हणजे बापाची मोठी बहीण. मनिषाच्या आईने चर्चची वाट धरली, मागून बापानेही धरली. आत्या आपल्या पाड्याच्या जुन्या देवाशी, हिरवा देवाशी, राहिली. नणंद-भावजयींचं भांडण कधी झालंच तर ते सुक्या बोंबलाला मीठ किती यावरून, देवावरून नाही. आत्याच्या कुडाच्या घरावर दरवर्षी भोपळ्याची वेल चढायची. भाजीसाठी नव्हे. आत्याचे यजमान धाकल्यामामा तारपा वाजवायचे, आणि तारप्याला लागतो तो वाळलेला भोपळा याच वेलीवरचा.

"काय गो, तोंड का उतरलंय?" आत्याने विचारलं. मनिषाने सगळं सांगितलं.

"मंग वाच की ती गोष्ट. माझं कान मोकलंच हात," आत्या म्हणाली. ती वालाच्या शेंगा सोलत होती. ओसरीवर धाकल्यामामा घोरत पडले होते.

मनिषाने वाचायला सुरुवात केली. दोन ओळी झाल्या आणि आत्याने हात वर केला. "थांब. तुझ्या पुस्तकाची बोली जड हाय. आपल्या बोलीत सांग."

मग मनिषा एक ओळ वाचायची आणि आपल्या बोलीत सांगायची. आणि असं सांगायचं तर आधी आपल्याला कळावं लागतं, हे तिच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. घाई करून चालेना.

"देवानं योनाला सांगितलं, निनवेला जा, ती मान्सा लय वाईट झाली हात. तर तो उलट्या दिशेच्या जहाजात बसला."

"पलाला?"

"पलाला. मंग वादल झाला. सगली घाबरली. आणि हा खाली जाऊन झोपलेला."

"वादलात झोपला?" आत्याने ओसरीकडे बोट केलं. "ह्याच्यासारखा! गेल्या साली घराचं छप्पर उडालं, हा कूस बदलून परत घोरला!"

मनिषाचे खांदे हलले. तिने ओठ दाबले. मासा येऊन गेला. आत्याला त्याचं विशेष काही वाटलं नाही. योना निनवेला पोचला, चाळीस दिवसांत शहर उलथणार म्हणून ओरडला, आणि तिथली माणसं खरंच सुधारली. राजा राखेत बसला. पश्चात्ताप म्हणून सगळ्यांनी उपास धरला, गोणपाट नेसलं. माणसांनी नेसलं, आणि पुढची ओळ वाचून मनिषा थबकली.

"काय झालं?"

"आत्या, गुरांनीपन नेसला."

"काय?"

"गोनपाट. गाई, म्हशी, सगल्यांना. आणि उपासपन धरायला लावला."

आत्याच्या हातातली शेंग खाली पडली. "म्हशीला? कोन नेसवल म्हशीला? आमची म्हस तं अंगावर माशी बसू देत न्हाय!"

नाकातून शिट्टी वाजली. मनिषाने बायबल मिटून छातीशी धरलं, अंगणाकडे पाहिलं, आणि मग सुटलं. आत्यालाही सुटलं. शेंगांचं सूप कलंडलं, कोंबड्या पळाल्या, धाकल्यामामा उठून बसले आणि "कोन मेला?" असं विचारून परत आडवे झाले. त्यावर दोघी पुन्हा हसल्या. किती तरी वेळाने मनिषाने डोळे पुसले आणि वर पाहिलं. आभाळ होतं तिथेच होतं. कुणी तिला बाहेर उभं केलं नव्हतं. ती आधीच बाहेर बसली होती.

"पुढं सांग," आत्या म्हणाली.

शहर वाचलं आणि योना रुसला. मी सांगितलं तसं झालंच नाही, म्हणून रुसला. शहराबाहेर उन्हात जाऊन बसला. देवाने त्याच्या डोक्यावर एक वेल चढवली, तेव्हा कुठे गडी खूश झाला. आणि दुसऱ्या पहाटे एका किड्याने वेलीला कुरतडलं. वेल वाळली. योना म्हणाला, यापेक्षा मेलेलं बरं.

आत्या आता हसत नव्हती. तिने आपल्या छपराकडे पाहिलं.

"मातीखाली, वेलीच्या मुलाला किडा लागतो," ती म्हणाली. "वरनं समजत न्हाय. सांजच्याला वेल हिरवी, सकाली माना टाकलेल्या. मंग? देव काय बोलला?"

"देव बोलला, ही वेल तू लावली न्हाय, वाढवली न्हाय, तरी तिच्यासाठी तुझा जीव तुटतो. मंग त्या शहरात लाखावर मान्सा हात, गुरापन लय हात. त्यांच्यासाठी माझा जीव तुटू नये का?"

"मंग योना काय बोलला?"

मनिषाने पान पाहिलं. "संपलं."

"अशी कशी संपल? देवानं विचारलं न् यानं जबाब दिला न्हाय? पान उलट."

"पुढं दुसऱ्याची गोष्ट हाय."

"पान फाटलं आसल."

मनिषाने मोबाईलवरचं बायबल उघडून पाहिलं. तिथेही तेवढंच. प्रश्न, आणि मग काही नाही.

"म्हंजे तो आजून तिथंच बसलाय?" आत्या हळहळली. "उन्हात? सांगा रे कोनी त्याला, घरी जा."

मनिषाला पुन्हा हसू येणार होतं, पण आत्याचा चेहरा बघून ते अर्ध्यात राहिलं.

"गेल्या साली माझी वेल वालली," आत्या म्हणाली. "अकरा भोपले होते. दोन दिस मी जेवलं न्हाय. त्याच आठवड्यात खालच्या घरच्या हौसाचा बैल मेला. मी बघायला पन गेलं न्हाय. वेलीचं रडत बसलं." तिने शेंगा भराभर गोळा केल्या. "जबाब तं मलाच द्यावा लागल आता."

असं म्हणून तिने सोललेले वाल एका फडक्यात बांधले, वर एक कोवळा भोपळा ठेवला आणि ती उतारावरून हौसाच्या घराकडे निघालीसुद्धा. मनिषा बायबल मांडीवर घेऊन तिची पाठमोरी आकृती बघत राहिली. वाचायला न येणारी, चर्चची पायरी न चढलेली आत्या. आणि गोष्ट ऐकून उठून चालायला लागलेली तीच पहिली.

परतीच्या एसटीत मनिषाने तो चौथा अध्याय तीनदा वाचला. कंडक्टरने तिकीट विचारलं तेव्हा ती म्हणाली, "म्हशीला गोणपाट," आणि त्यानंतर वज्रेश्वरी गेलं तरी तिला धड थांबता आलं नाही.

घरी पोचल्यावर तिने तक्ता काढून गुंडाळला. आईने तो डब्यांच्या फळीवर कागद म्हणून अंथरला. मग मनिषाने ग्रुपवर एकच निरोप टाकला: "रोजचं 'झालं' आजपासून बंद. या रविवारी तीन वाजता योनाचा पाचवा अध्याय. ज्यांनी वाचून झालाय असं लिहिलंय त्यांनी येऊन त्यात काय आहे ते सांगायचं. ज्यांना सहावा फार आवडला त्यांनी जरूर यावं."

दहा मिनिटांनी दिपाली: "ताई, मार खायची तयारी करून येऊ का?" मग शैलेश: "मी येताना गोणपाट आणू का? चौथा वाचला. खरंच वाचला. तिसरापण वाचला. म्हशींचं काय आहे ते!!"

रविवारी तीनला पलीकडे माग भरात होते. पोरं चोरासारखी आली, एकेक करून, भिंतीकडेने. मनिषाने डोकी मोजली नाहीत. मोजायची भीती वाटली. पाड्यावरून निघताना आत्याने दिलेला दुसरा भोपळा तिने टेबलावर ठेवला आणि खटखटीच्या वर आवाज काढून पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. दर चार ओळींना थांबायची. "आता सांगा, पुढे काय होणार?" उत्तरं यायला लागली, चुकायला लागली, भांडणं लागली. दिपाली जहाजाचा कप्तान झाली आणि शैलेशला बाकाखालून उठवायला गेली, तर तो खरंच झोपलेला निघाला, रात्रपाळी करून आला होता. निनवे आलं तेव्हा त्याने सुताचं रिकामं पोतं अंगावर घेतलं आणि चार पायांवर उपाशी म्हशीसारखा असा काही हंबरला, की मागचं बाक पोरींसकट कलंडलं.

तेवढ्यात दार उघडलं. पास्टर तुळशीराम.

नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. पलीकडचे माग एकदम बंद पडले, आणि त्या अचानक पडलेल्या शांततेत एकच आवाज उरला, मनिषाच्या नाकातली शिट्टी.

ती क्षणात दहा वर्षांची झाली. अंगणाकडे बघायला लागली.

"काय चाललंय?" पास्टरांनी विचारलं.

"योनाचा पाचवा अध्याय," दिपाली पुटपुटली.

"योनाला पाचवा अध्याय नाही."

"माहीत आहे, पास्टर," मनिषा म्हणाली. "चौथ्याच्या शेवटी देव प्रश्न विचारतो आणि पुस्तक संपतं. उत्तर लिहिलेलंच नाही. मग पाचवा अध्याय आम्हीच सांगायचा असं ठरवलंय. ज्याचा त्याने. शैलेश, तू काय सांगणार होतास?"

पोत्यातून शैलेशचं डोकं वर आलं. "लूमवर एक भाऊ आहे. यूपीचा. माझ्याशी लई वाकडा वागला. त्याची नोकरी जाणार होती तर मला बरं वाटलेलं. गेली नाही, तर मी रुसलो." त्याने डोकं खाजवलं. "पुढचं अजून लिहिलं नाही."

कुणी हसलं नाही. पास्टर सावकाश आत आले आणि शेवटच्या बाकावर बसले.

"मनिषा," ते म्हणाले, "तुला एकदा मी बाहेर उभं केलं होतं. गाढवीच्या गोष्टीला. आठवतं?"

"हो."

"का ते माहीत आहे?"

"मी हसले म्हणून."

"नाही गं. मला हसू यायला लागलं म्हणून." त्यांनी रुमाल काढला. "नवा पास्टर होतो. मुलांसमोर हसलो तर मान जाईल असं वाटलं. तुला बाहेर काढलं आणि पडद्यामागे जाऊन तोंडात हा एवढा बोळा कोंबला. तो गाढवीशी वाद घालतो, बाई! वाद! आणि वादात गाढवी जिंकते!"

आणि पास्टर तुळशीराम हसायला लागले. आधी खांदे हलले. मग सगळी खोली.

बाहेर शिवणक्लासच्या बाई पट्टी घेऊन जागेची मापं घ्यायला आल्या होत्या; त्या दारातच थबकल्या. "पास्टर, मग आमचं तीन ते पाच?"

पास्टरांनी डोळे पुसले, चष्मा लावला आणि बोटाने मोजायला सुरुवात केली.

"बाई, तुम्हाला शनिवार बघू," ते म्हणाले. "इथे चौदा माणसं आहेत." मग त्यांची नजर पोत्यात बसलेल्या शैलेशवर गेली. "शिवाय एक म्हैस."